ताईबाईचं जोतं

शिरूरच्या त्या वस्तीत चाळीसेक घरं असतील. पत्र्याची आहेत, विटांची आहेत, दोन तर चांगली स्लॅबची आहेत. पण बांधकामाच्या परवानगीचा कागद एकाही घराला नव्हता. आधी बांधायचं, मग कोणी विचारलंच तर बघू, ही तिथली रीत. अशा वस्तीत ताईबाई ओव्हाळनं सांगून टाकलं की आमचं घर परवानगी काढूनच होणार. वस्ती हसली. हसणारच की! पंचावन्न वर्षांची, चौथी पास, जन्मभर दुसऱ्यांच्या बांधकामावर माल कालवणारी बाई, आणि म्हणे नगरपरिषदेत नकाशा पास करणार!

"ताईबाई, घर विटांचं बांधनार का कागदाचं?" शेजारची धुरपदा विचारायची.

"आधी कागदाचं, मंग विटांचं. तुला काय घाई हाय? वास्तुकाचं जेवण तुझ्या घरी न्हाई," ताईबाई म्हणायची.

तिचा नवरा पोपट हा नावाजलेला गवंडी. कवठ्यापासून शिक्रापूरपर्यंत त्याच्या हाताला मान होता. शिक्रापूरला कंपनीतल्या पोरांसाठी खोल्यांच्या रांगाच्या रांगा ह्या नवराबायकोनं उभ्या केल्या. तीस वर्षं दुसऱ्यांची छपरं चढवली आणि आता कुठं दोन गुंठ्यांचा स्वतःचा प्लॉट झाला होता. तोही ताईबाईच्या नावावर.

कचेरीच्या तिनं सतरा खेपा घातल्या. खिडकीतला कारकून काही वाईट माणूस नव्हता. काय कमी आहे ते चिठ्ठीवर लिहून द्यायचा. एकदा मोजणीचा नकाशा जुना निघाला, एकदा नकाशात रस्त्याची रुंदी दाखवायची राहिली होती. ताईबाई चिठ्ठी घेऊन आर्किटेक्टकडं जायची आणि पुढच्या सोमवारी परत खिडकीशी हजर! शेवटी शिक्का मारलेला नकाशा हातात पडला, तेव्हा तिनं तो बाजेवर पसरला आणि बोट ठेवून ठेवून सगळी मापं पाठ केली. दोन्ही अंगांना एकेक मीटर जागा मोकळी सोडायची. काम जोत्यापर्यंत आलं की थांबायचं. इंजिनिअर येऊन मोजणार, नकाशाप्रमाणं असेल तर जोत्याचा दाखला देणार, आणि मगच भिंती उचलायच्या.

पोपटला तिनं एकच गोष्ट बजावली होती. आपल्याकडं लोकांना घर गोमुखी लागतं. म्हणजे मागची बाजू पुढच्यापेक्षा चार बोटं रुंद ठेवायची. पुढं निमुळतं आणि मागं रुंद घर लाभतं म्हणे. गिऱ्हाइकानं न सांगताही गवंडी ते करतोच. पोपट तर दोन बोटं ह्या अंगाला, दोन बोटं त्या अंगाला अशी सफाईनं वाटायचा की कोपऱ्यातून कोपऱ्यात तिरपी दोरी धरली तरी दोन्हीकडून माप सारखंच भरायचं.

"आपल्या घराला ते गोमुख-बिमुख नगं," ताईबाई म्हणाली होती. "आपून बाबासाहेबांची मानसं. घर लाभतं ते कष्टानं. नकाशात हाय तेवढंच जमिनीवर पायजे."

"व्हय गं बाई. मला काय येडा समजती का?" पोपट म्हणाला होता.

नेमकी आखणीच्या आदल्या दिवशी दौंडहून बातमी आली. लेकीची, सीमाची, बाळंतपणाची तारीख पुढं होती, पण दवाखान्यात न्यावं लागलं होतं. ताईबाई तशीच निघाली. नात झाली, सगळं सुखरूप झालं, तरी वीस-बावीस दिवस गेले. परत आली तेव्हा दगडी पायावर विटांचं जोतं तयार होतं, आत मुरूम भरायचा तेवढा बाकी. ती चौफेर फिरली आणि एकेका विटेवरून हात फिरवत राहिली. आपल्या मालकीच्या विटेला हात लावायची ही तिची पहिलीच वेळ होती.

तपासणीच्या दिवशी अख्खी वस्ती गोळा झाली. नगरपरिषदेच्या इंजिनिअर अपेक्षा मॅडम स्कूटीवरून आल्या. वय पंचविशीचं, हातात टेप आणि नकाशाची गुंडाळी. त्यांनी पुढची बाजू मोजली. बरोबर. पुढून दोन्ही अंगांना मोकळी जागा, बरोबर मीटर. मग तिरपी मापं घेतली. दोन्ही सारखी, सुताचाही फरक नाही!

"काका, काय सुरेख काम आहे!" त्या म्हणाल्या आणि कागद काढून लिहायला लागल्या.

"चला मॅडम, च्या घ्या आधी. ऊन लई हाय," पोपट म्हणाला.

ताईबाईचे कान टवकारले. माप चालू असताना हा माणूस स्वतःच्या भाकरीकडंसुद्धा बघत नाही, आणि आज चहा? तिनं त्याच्याकडं पाहिलं. तो चपलेच्या अंगठ्याशी चाळा करत होता. तिनं जोत्याच्या मागच्या अंगाला नजर टाकली. मागची बाजू कोणी मोजलीच नव्हती.

आता गप्प बसलं तर दाखला हातात होता. दोन-दोन बोटांची गोष्ट, कुणाच्या बापाला कळणार होतं? वर चारचौघांत नवऱ्याची शोभा करायची, तीही ज्याच्या आखणीचं नाव सगळीकडं त्याची! पण कागदावर एक आणि जमिनीवर दुसरं असं असेल, तर सतरा खेपा कशासाठी घातल्या? त्यापेक्षा वस्तीसारखं आधीच बांधून मोकळं व्हायचं होतं. आणि तिला नवऱ्याचा असा राग आला होता की जीभ थांबेना.

"मॅडम, मागली बाजू राह्यली," ती म्हणाली.

"अगं..." पोपट म्हणाला आणि तिथंच थांबला.

मॅडमनी माप घेतलं. मागं सात सेंटिमीटर जास्त. दोन्ही अंगांची मोकळी जागा साडेतीन-साडेतीननं कमी. त्यांचा चेहरा उतरला. "मावशी, चूक माझीपण आहे. मागचं माप घ्यायलाच हवं होतं. पण आता आज दाखला नाही देता येणार."

"नगाच देऊ," ताईबाई म्हणाली.

"बघा बया! आपल्याच हातानं आपल्या पायावर धोंडा पाडून घेतला!" धुरपदा मोठ्यानं म्हणाली. माणसं पांगली.

दोघंच उरल्यावर पोपट जोत्यावर बसला. "म्या मुद्दाम न्हाई केलं. तीस वर्सं हात त्यालाच सरावलाय. काल मागं दोरी धरली तवा ध्यानात आलं. तुला सांगायला जीभ रेटंना."

"जीभ रेटंना, आन् च्या पाजायला बरी रेटली!" ताईबाईनं त्याचा असा उद्धार केला की पार त्याच्या आजोबापर्यंत पोचली. तो मान खाली घालून ऐकत राहिला. तिचं संपल्यावर उठला, छन्नी-हातोडा आणला आणि मागच्या कोपऱ्यातली पहिली वीट स्वतःच उचकटली. पाया रुंद होता म्हणून बरं; डाव्या-उजव्या भिंती आणि मागची, एवढंच विटांचं काम उतरवायचं होतं. आपलं जोतं आपल्याच हातानं उतरवणारा गवंडी वस्तीनं कधी पाहिला नव्हता. ताईबाई निघालेल्या विटा तासून साफ करत होती. त्याच्याकडं बघता बघता तिचा राग कधी गेला, तिलाही कळलं नाही. तिसऱ्या दिवशी धुरपदा आली आणि तिच्या शेजारी विटा तासायला बसली.

नवव्या दिवशी मॅडम पुन्हा आल्या. ह्या वेळी त्यांनी सुरुवातच मागच्या बाजूनं केली. सगळी मापं दोनदा घेतली. पोपट उन्हात उभा होता, चहाचं नाव नाही.

चार दिवसांनी ताईबाईनं कचेरीतून दाखला आणला. वस्तीतली माणसं भोवती जमली, तशी कोणीतरी म्हणालं, "वाचा की, काय लिवलंय." पोपट मागं उभा होता. ताईबाईनं चष्मा लावला आणि एकेक अक्षर जुळवत वाचलं.

"श्रीमती ताईबाई पोपट ओव्हाळ यांच्या घराच्या जोत्याचे बांधकाम... जागेवर तपासले असता... मंजूर नकाशाप्रमाणे आढळून आले."

पोपटनं गळ्यातल्या टॉवेलनं डोळे पुसले. "ते शेवटचं," तो म्हणाला, "आन् एकदा वाच."

ताईबाईनं परत वाचलं, ह्या वेळी मोठ्यानं.