गायीचा घास

या, असं जवळ येऊन बसा. पण हातात ती कॅरीबॅग कशाला आणलीत? किती वेळा सांगायचं तुम्हाला! आमच्या गल्लीतली ती पोरगी असती ना, तर तुमच्या हातातली पिशवी काढून आपल्या खांद्यावरची कापडी पिशवी तुमच्या मनगटात अडकवून मोकळी झाली असती. वर म्हणाली असती, "राग आला का? येऊ द्या. पिशवी तेवढी ठेवा."

तिचं नाव काही सांगत नाही. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला, अंगानं काडी, आवाज मात्र आमच्या मानवत गावच्या सगळ्या बाजाराला पुरेल एवढा. दर रविवारी मैत्रिणी घेऊन दारोदार जुन्या साड्या मागायची आणि घरी मशीनवर पिशव्या शिवायची. मी माझी हिरवी नायलॉनची साडी दिली. काठाचा एक तुकडा आधीच फाडून ठेवला होता, बांधाबांधीला.

"आज्जी, अर्धा काठ कुठं गेला?"

"उंदरानं नेला."

"लय हौशी उंदीर हाय तुमचा," म्हणाली आणि हसत गेली.

भांडायचीही तशीच. मिठाईवाल्याला म्हणाली, "काका, जिलबी पिशवीत देऊ नका."

तो म्हणे, "मग पाक काय तुझ्या ओढणीत ओतू?"

दुसऱ्या दिवशी ही स्टीलचा डबा घेऊन हजर. "ओता यात. ओढणी वाळत घातलीय."

पितृपंधरवड्यात माझ्या हातून व्हायचं ते झालं. गायीचा घास काढला. गुडघ्यांमुळे मला एकटीला पायऱ्या उतरवत नाहीत, आणि पान कट्ट्यावर ठेवलं की कुत्री ओढतात. म्हणून भात, वडा, खीर सगळं मिठाईवाल्याच्या पिशवीत भरलं, हिरव्या काठाच्या चिंधीनं दोन गाठी मारल्या आणि ठेवलं कट्ट्यावर. वाटलं, गाय पिशवी फाडून खाईल. संध्याकाळी कट्टा रिकामा. पितर जेवले म्हणून मी हात जोडले!

दोन-अडीच महिन्यांनी त्या पोरीच्याच घरच्या गायीचं पोट फुगलं. रवंथ बंद. डॉक्टरांनी अंगणातच पोट उघडलं आणि आतून पिशव्यांचा ढीग काढला. मी शेजारणीचा हात धरून, काठी टेकत गेले होते. ढिगात एका पिशवीचं तोंड अजून बांधलेलं होतं. हिरवी चिंधी. दोन गाठी.

पोरीनं त्या पिशवीवर पाणी ओतलं, दुकानाचं नाव वाचलं आणि पिशवी घेऊन तशीच ताडताड निघाली. मी तिथंच उभी होते हो, हातभर अंतरावर. चिंधी माझी हे सांगायचं सोडून घरी परतले.

तिनं ती पिशवी मिठाईच्या काचेवर आपटली म्हणे. "बघा, काय खाऊ घातलं आमच्या गायीला!"

मिठाईवाला म्हणाला, "पिशवी माझी हाय, कबूल. गाठ पण मीच मारली का? मी घास बांधून देतो का गायीला?"

गिऱ्हाईकं हसली. कुणीतरी टोमणा मारला, "आधी घरची गाय सांभाळ, मग गाव सुधार." मिठाईवाल्याचं खोटं नव्हतं, पोरीचंही नव्हतं. खोटी मी. मान खाली घालून ती माझ्या खिडकीवरून गेली. तिच्या बापानं तिला सांगितलं, "झाली तेवढी शोभा बास." त्या रविवारी मैत्रिणी आल्या आणि दारातूनच परत गेल्या.

आठ दिवस झाले. गाय उभी राहते म्हणतात, पण रवंथ अजून धरत नाही. मी सकाळपासून कुणालाही विचारते, "तोंड हलवायलीय का?" आणि पोरगी माझ्याकडे फिरकलेली नाही. एरवी दिवसाआड यायची. माझ्या साडीची पिशवी तिच्या घरी खुंटीला आहे. ती चिंधी तिनं त्या काठाशेजारी धरून पाहिली असेल का? लाजेनं येत नाही, की कळलंय म्हणून येत नाही? तिच्याकडे जायला म्हणून दोनदा आमच्या फाटकापर्यंत गेले आणि परत फिरले. गुडघ्यांचं निमित्त आहे, दुसरं काय.

तुम्ही जाताना तिच्या दारावरूनच जाल. तिला एवढं सांगा, आज्जीनं बोलावलंय. आपण दोघी त्या दुकानात जाऊ, गर्दी असतानाच जाऊ, आणि बोलेन मी. तू फक्त पायऱ्या उतरताना माझा हात धर. रागावलेली असलीस तरी ये बाई. लवकर ये.