पंचवीस मिनिटांचं मुकं मशीन

नव्वदच्या आसपास जळगावातल्या एका डी.एड. कॉलेजसाठी मी प्रवेशाची गुणवत्ता यादी लावणारा प्रोग्रॅम लिहिला. तेव्हा कॉम्प्युटर येणारी माणसं गावात बोटांवर मोजण्याइतकी, त्यामुळे माझे पाय जमिनीला लागत नव्हते. चाळीस नावं भरून तपासलं. चहा यायच्या आत यादी लागली, आणि मी खुशीत भुसावळला दुसऱ्या कामावर निघून गेलो.

मशीन चालवायच्या ऑफिसातल्या अक्का. एरंडोलकडच्या, निवृत्तीला चार वर्षं राहिलेली. तरण्याताठ्या क्लार्कांनी नाकं मुरडली तेव्हा या बाई पुढे झाल्या आणि एका बोटाने सहाशे अर्ज भरून मोकळ्या झाल्या. मशीनचा पडदा रोज पदराने पुसायच्या. मधूनमधून आलो की मी हसायचो, पण मला त्या फार आवडायच्या.

यादीच्या दिवशी खिडकीशी ही गर्दी. असोद्यापासून चोपड्यापर्यंतची मुलं, सोबत आईबाप. अक्कांनी बटण दाबलं आणि पडदा काळा झाला. पाच मिनिटं, दहा, पंधरा. मशीन गेलं असं समजून त्यांनी ते बंद करून पुन्हा लावलं. असं चार वेळा. सहाशे नावांना पंचवीस मिनिटं लागत होती, आणि दर वेळी दहा मिनिटं आधी त्यांचा धीर सुटत होता. संध्याकाळी लोक चरफडत परत गेले.

निरोप मिळून मी भुसावळहून आलो, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी प्राचार्यांनी आम्हा दोघांना बोलावलं. "उद्या दुपारपर्यंत यादी लागली नाही तर हाताने लावू. आणि अक्का, तुम्ही परत आवक-जावकच्या टेबलावर."

"माझ्याकडूनच बंद झालं, सर. धीर निघाला नाही," अक्का म्हणाल्या.

वेळ लागेल हे पडद्यावर सांगायचं काम माझं होतं. ते मला तिथंच उमगलं, आणि मी तोंडात मिठाची गुळणी धरून उभा राहिलो. आजही आठवलं की लाज वाटते.

बाहेर आल्यावर अक्का त्यांच्या अहिराणीत माझ्यावर घसरल्या. "आबा गोट सांगेत, तव्हय आम्ही 'हूं' म्हनूत. हूं थांबना का आबा समजेत, पोरं झोपी ग्यात. तुन्हं मशीन हूं बी म्हनस नही. मरी गयं का जित्तं शे, माले कसं समजाव?"

लहानपणी घरचे आबा गोष्ट सांगत, आणि हुंकार थांबला की पोरं झोपली हे त्यांना कळे; माझं मशीन हुंकारच देत नव्हतं. इतकं सरळ मला कुठल्या पुस्तकाने शिकवलं नव्हतं. दिवसभर बसून मी प्रोग्रॅम बदलला. आधीच ओळ यायची: पंचवीस मिनिटं लागतील, बंद करू नका. मग दर पन्नास नावांना आकडा. मराठी अक्षरं उमटत नव्हती म्हणून सगळं रोमन लिपीत.

तिसऱ्या दिवशी अक्कांनी बटण दाबलं. आकडा बदलला की त्या खिडकीतून ओरडायच्या, "दोनशे झाले! अजून चारशे!" गर्दी निवांत झाली. कुणीतरी भाकरी सोडली. सहाशेचा आकडा आला आणि सगळं थांबलं.

सारखे गुण असलेल्यांना जन्मतारखेवरून पुन्हा लावायचं काम आता सुरू होतं, आणि तिथं पडद्यावर काही दाखवायचं मी लिहिलंच नव्हतं. तीन मिनिटं गेली, चार गेली. मागे उभे असलेले प्राचार्य म्हणाले, "पुन्हा तेच," आणि त्यांनी हात बंद करायच्या बटणाकडे नेला.

अक्कांनी बटणावर पंजा ठेवला. "नाही सर. मशीनवरचा तो लाल दिवा लुकलुकतोय, आकडे बदलताना लुकलुकत होता तसाच. काम चालू आहे. परवा चार वेळा मी त्याचा गळा दाबला. आता कुणाला दाबू देणार नाही."

प्राचार्यांशी असं बोललेलं त्या कॉलेजात कुणी ऐकलं नव्हतं. आणखी दोन मिनिटं आम्ही तिघं नुसते त्या दिव्याकडे बघत राहिलो. मग प्रिंटर करकरायला लागला आणि पहिलं नाव बाहेर आलं.

"सर," मी म्हणालो, "चूक माझी होती. परवाची आणि आत्ताचीही. अक्कांची नव्हती."

प्राचार्य काही बोलायच्या आत अक्का माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, "माले ठाऊक शे. कागद धर, वाकडा जाई राह्यना."