देवरावभाऊंच्या पायाची दोन बोटं

देवरावभाऊ गेल्याचा फोन आला तेव्हा मी राळेगावच्या स्टँडवर कळंबच्या एसटीची वाट पाहत होतो. त्यांनाच भेटायला निघालो होतो... महिना झाला. तेव्हापासून एका जागी बसवत नाही.

आम्ही दोघांनी बारा वर्षं एका धावपट्टीवर काढली. तिचं नाव लिहीत नाही. बड्या लोकांची छोटी जेट विमानं तिथं उतरायची, दोन-दोन दिवस उभी राहायची, ती सांभाळणं आमचं काम. सुरुवातीला भाऊ मुकादम, मी विमानं ओढायच्या ट्रॅक्टरवर. लोकांना वाटतं विमानाला धोका आभाळात. भाऊ म्हणायचे, उभ्या विमानाचे वैरी आपणच. ट्रॅक्टर जरा जास्त मागं घेतला, शिडी पंखाखाली विसरली, की झालं. विमान ओढताना दोन्ही पंखांच्या टोकांशी एकेक माणूस चालायलाच हवा. एक चहाला गेला तर काम बंद. मी एकदा कुरकुरलो, "जागा तं ढीगभर दिसून राह्यली." म्हणाले, "अंदाजानं म्हशी हाक. विमान नाही." नुसता धक्का लागला तरी लगेच पायलटला सांगायचं, लपवायचं नाही, हा त्यांचा धाक. मला राग यायचा, खरं सांगतो.

एका दसऱ्याला, मी नवाच असताना, एका मालकाची माणसं नव्या विमानाच्या पूजेला आली. भाऊंनी नारळ लांब फोडायला लावला, हार इंजिनाजवळ नेऊ दिला नाही. मला वाईट वाटलं. गाडीच्या चाकाखाली लिंबू ठेवतात, तेवढं तरी करावं, म्हणून भाऊंची पाठ वळताच मी चाकाचा लाकडी ठोकळा काढला आणि तिथं लिंबू ठेवलं. विमान ओढायचं म्हणून ब्रेक आधीच सोडलेला होता. ते हळूच सरकू लागलं, मागं हँगरच्या लोखंडी दाराकडे. भाऊ धावले. वाकायला वेळ नव्हता, ठोकळा पायानंच चाकाखाली लोटला. विमान थांबलं, ओरखडाही नाही. भाऊंच्या उजव्या पायाची दोन बोटं गेली.

चौकशीत ते म्हणाले, ठोकळा मीच काढला. दवाखान्यात मी रडायला लागलो तर मलाच समजावलं, "तू नवा हायेस, तुले काढून टाकतीन. मले दोन शब्द बोलतीन, बस." लपवू नका म्हणणारा माणूस एकदाच खोटं बोलला, तेही माझ्यापायी.

दोन शब्दांवर भागलं नाही. मुकादमी गेली, उरलेली वर्षं ते साधे कामगार म्हणूनच राहिले. पुढे त्यांचा मुलगा नितीन येणाऱ्या-जाणाऱ्याला हसत सांगायचा, "आमचा बाप साऱ्या जगाले शिकवे, अन् सोताचाच पाय चेंदून घेतला." माझ्यासमोर सांगायचा. भाऊ सुपारी कातरत राहायचे. मी त्यांनी दिलेलं खांड चघळायचो.

तेरवीच्या दिवशी वहिनींना सगळं सांगितलं. त्या भिंतीला टेकून बसल्या होत्या. म्हणाल्या, "इतके वर्सं काहून नाही सांगतलं?"

"भेव वाटे, वहिनी."

"मंग मले कायले सांगता? पोराले सांगा. बापाले तो हसे."

नितीन मांडवात पंगत वाढत होता. मी त्याच्यापर्यंत गेलो. "काका, बुंदी देऊ?" त्यानं विचारलं. मी हो म्हणालो, जेवलो आणि एसटीत बसलो.

नंतर तीनदा फोन लावला. तो "बोला काका" म्हणतो आणि मी कपाशीचं विचारतो... म्हणून इथं लिहितो आहे, चार लोकांसमोर. नितीन, तुझ्या बापानं ठोकळा काढला नव्हता. मी काढला होता.