उभ्या सायकलचं सांडलेलं तेल

“इंजिन काढून टाका, ताई. दुरुस्ती नको. नुसती सायकल ठेवा.”

पिकअपमधून सायकल उतरवता उतरवताच सुनीलनं निकाल दिला होता. जळोचीत माझं छोट्या इंजिनांचं वर्कशॉप आहे. पॉवर वीडर, फवारणीचे पंप, गवत कापायची मशीन, असलं सगळं माझ्याकडे येतं. त्याआधी बरीच वर्षं मी एमआयडीसीतल्या एका कारखान्यात सर्व्हिस डिपार्टमेंटला होते. त्यामुळे गिऱ्हाईक येतानाच निदान घेऊन येतं याची मला सवय आहे. पण चालू इंजिन काढायला सांगणारं गिऱ्हाईक क्वचितच भेटतं.

त्याच्या मागे त्याचे वडील उभे होते. भगवानतात्या. सत्तरी ओलांडलेली, टोपी स्वच्छ, उजव्या कोपराला पट्टी.

“तात्यांचं मत काय?” मी विचारलं.

“त्यांचं मत इचारूनच ही वेळ आलीय,” सुनील म्हणाला.

“इंजिन गुणाचं हाय,” तात्या सायकलकडे बघत म्हणाले. “चाकाला त्याल लागलं, त्याला ते काय करंल?”

ही मंडळी इंदापूर तालुक्यातली, कालव्याकाठच्या एका गावातली. सायकल जुनी, काळी, दणकट. तिच्या फ्रेमच्या तिकोनात एक छोटं फोर स्ट्रोक इंजिन बसवलेलं. असले किट हल्ली ऑनलाइन मिळतात. मी ते बसवून देत नाही, कारण सार्वजनिक रस्त्यावर ते न्यायचे नियम वेगळे आहेत आणि ते कोणी वाचत नाही. दुरुस्ती मात्र करते. तात्या ती घरापासून डाळिंबाच्या बागेपर्यंत शेताच्या वाटेनंच चालवायचे. त्यांचा डावा गुडघा कामातून गेलेला. पेडल मारवत नाही, मोटारसायकलचं वजन पेलवत नाही, एवढं अंतर पायी चालवत नाही. बाग त्यांनी स्वतः लावलेली. इंजिन काढलं असतं तर सायकल राहिली असती, बाग मात्र सुटली असती.

झालं असं होतं की कालव्याच्या पुलावरून उतरताना तात्यांनी ब्रेक दाबला आणि तो लागलाच नाही. मागच्या रिमला तेल होतं, ब्रेकचे रबर त्यावरून नुसते घसरले. तात्या सायकलसकट बाभळीत गेले. कोपर फुटलं. सुनील हादरला होता, आणि हादरलेली माणसं आमच्याकडे ओरडतात. तो ओरडत होता.

तेल येत होतं ब्रीदरच्या नळीपाशी. ब्रीदर म्हणजे इंजिनाची श्वास सोडायची वाट. पिस्टन खाली आला की त्याच्याखालच्या पोकळीतली हवा दाबली जाते. शिवाय पिस्टनच्या रिंगांच्या कडेनं थोडा जळका गॅसही खाली उतरतो. ही हवा कुठून तरी बाहेर जायला हवी. त्या पोकळीत, म्हणजे क्रँककेसमध्ये, तेल असतं, त्यामुळे हवेबरोबर तेलाचा थोडा फवारा येतोच. मूळ इंजिनात ही नळी एअर फिल्टरच्या डब्यात जाते. सायकलच्या फ्रेममध्ये डबा मावेना, म्हणून किट बसवणाऱ्यानं तो काढून टाकला होता आणि नळी मागच्या चाकाशी लोंबती सोडली होती. काम झटपट झालं असणार.

मी नळीवरून हात फिरवत टोकापर्यंत गेले. टोक दुमडलेलं, आणि त्यावर ठिबकचं एंड कॅप सरकवून घट्ट बसवलेलं.

“हे कुणी लावलं?”

“मीच,” तात्या म्हणाले. “पडल्यावर बगितलं तर नळी गळत हुती. बंद केली.”

मला हसू आलं, पण ते दाखवण्यासारखं नव्हतं. ज्यांची बाग ठिबकवर आहे त्यांना हे सांगावं लागत नाही. शेवटच्या झाडापुढे नळीचं टोक दुमडायचं आणि एंड कॅप चढवायचं. उघडं राहिलं तर सगळं पाणी तिथेच जातं आणि मागची झाडं कोरडी राहतात. तात्यांच्या हाताला उघडी नळी दिसली की तो हात ती बंद करणार. त्यात त्यांचं काहीच चुकलं नव्हतं, फक्त नळी वेगळी होती.

“तात्या, ही नळी उघडीच ठेवायची असते. तुम्ही वाट बंद केलीत, मग आतल्या हवेनं तेल रबरी सीलमधून बाहेर ढकललं.”

“तरीच!” तात्या म्हणाले. “बंद केल्यापास्नं जास्तच याया लागलं.”

“आणि तेल कोण घालतं?”

“मी,” दोघंही एकदम म्हणाले आणि एकमेकांकडे बघायला लागले. तात्या गळतंय म्हणून घालत होते, तात्या विसरत असतील म्हणून सुनील घालत होता. तेल मापायची डिपस्टिक काढली तर तेल खुणेच्या कितीतरी वर. जास्त तेल म्हणजे आत जास्त फेस आणि ब्रीदरमधून जास्त फवारा. घरातली काळजीही इंजिनात जाऊन बसली होती.

“दुरुस्त होईल,” मी सुनीलला सांगितलं. “इंजिन चांगलं आहे.”

त्यानं तात्यांच्या कोपरावरची पट्टी बघितली. मग म्हणाला, “एक डाव बगू. पण परत चाकावर तेल दिसलं तर इंजिन काढायचं. मग मला कुनी कायबी सांगू नका. तात्या, तुमीबी.”

“कबूल,” तात्या म्हणाले.

काम मोठं नव्हतं. एक सील बदललं. जास्तीचं तेल काढलं. कॉम्प्रेशन बघितलं, ते उत्तम होतं, म्हणजे रिंगांची तक्रार नव्हती. ब्रीदरला नवी नळी घातली आणि ती सीटखालपर्यंत वर नेली, म्हणजे फवाऱ्यातलं तेल नळीतूनच परत खाली उतरावं. जे वरपर्यंत येईल त्यासाठी टोकाला एक छोटी प्लॅस्टिकची बाटली लावली, झाकणाला हवा जायला भोक ठेवून. रिम आणि ब्रेकचे रबर पुसून काढले. इंजिन स्टँडवर चालवलं, मग जळोचीच्या आतल्या रस्त्यानं मीच फेऱ्या मारून आले. बाटली कोरडी.

“आठवडाभर तुम्ही चालवा,” मी सुनीलला म्हणाले. “रोज बाटली बघा. कोरडी राहिली तर मग तात्यांना द्या. तोवर तात्या बसणार नाहीत.”

तात्यांनी मान हलवली. ती होकाराची आहे असं मी धरलं.

आठवडा संपायच्या आतच सुनीलचा फोन आला. आवाज शांत होता, म्हणजे प्रकरण गंभीर होतं.

“ताई, बाटली भरून चाकावर तेल आलंय. या आनि इंजिन काढून न्या.”

“तुम्ही किती चालवली?”

“कुठं चालवली? सकाळी दुधाची गाडी, दुपारी दुसरी खेप. मला टाइमच न्हाय मिळाला. शेडमधी नुसती उभी हाय. कुनी हात लावला न्हाय.”

इथे मला बरं वाटलं, हे कबूल करते. चालवल्यावर तेल आलं असतं तर माझं काम फसलं असतं. पण बंद इंजिन श्वास सोडत नाही, आणि उभ्या सायकलची बाटली भरत नाही. म्हणजे दोघांपैकी कोणीतरी थाप मारत होतं, सुनील किंवा सायकल. सायकली थापा मारत नाहीत. मी मोटारसायकल काढली आणि पिंपळी ओलांडून इंदापूर रस्त्याला लागले.

मी पोचले तेव्हा सुनील दुधाच्या फेरीवर गेला होता. तात्या ओसरीवर बसले होते. शेडमध्ये सायकल खरोखरच उभी होती, अगदी शहाण्यासारखी. मी आधी डिपस्टिक काढली. तेल खुणेच्या खाली गेलेलं. असंच चार दिवस चाललं असतं तर पिस्टन जाम झाला असता, आणि मग इंजिन काढायला माझीही गरज उरली नसती. मग मी सायकल नीट बघितली. हँडलच्या डाव्या मुठीत काळी माती घट्ट बसलेली. डाव्या पेडलला माती. डाव्या बाजूच्या स्पोकमध्ये वाळलेलं गवत. उजवी बाजू स्वच्छ.

ब्रीदर या इंजिनाच्या डाव्या अंगाला आहे.

“तात्या,” मी म्हणाले, “सायकल आडवी कुठं पाडता?”

त्यांनी टोपी काढली, झटकली, परत घातली. “चला, दावतो,” म्हणाले.

मी त्यांना माझ्या मागे बसवून बागेत घेऊन गेले. बाग बघण्यासारखी आहे, फळं धरलेली, ओळी सरळ. बागेच्या कडेनं पिकअपचा रस्ता जातो. रस्ता आणि बाग यांच्यामध्ये बांध. बांधाच्या आतल्या अंगाला गवतात एक जागा दबलेली होती, बरोबर एका सायकलच्या मापाची. शेजारी घडी घातलेलं पोतं.

“हितं निजवतो,” तात्या म्हणाले. “वर पोतं टाकतो. सुन्याची गाडी रोज हितनंच जाती. उभी क्येली तर बांधावरनं हँडल दिसतं.”

“म्हणजे रोज येता?”

“मग काय करू? ओसरीवर बसून टीव्ही बगू?” त्यांचा आवाज चढला आणि लगेच उतरला. “त्यो घाबरलाय, मला कळतंय. पर झाडं कुणी बगायची? तेल्या आला म्हंजी बाग जाती, ताई. रोज पान उलटून बगाया लागतं.” तेल्या हा डाळिंबावरचा रोग. तो या भागात सगळ्यांना माहीत आहे.

सायकल डाव्या कुशीवर तासन्‌तास पडायची. आतलं तेल निवांतपणे ब्रीदरच्या वाटेत आणि नळीत जाऊन बसायचं. तात्या ती उभी करून चालू करायचे की पहिल्या धडाक्यात ते सगळं बाटलीत. बाटली भरली की भोकातून थेट रिमवर. घरी जाऊन तात्या सायकल जागेवर लावायचे आणि ओसरीवर बसायचे.

“त्याला सांगू नगा,” तात्या म्हणाले.

“मग काय सांगू? इंजिन खराब आहे म्हणून?”

ते डाळिंबाच्या एका पानाकडे बघत राहिले. पान उलटलं, परत सोडलं. “न्हाय. इंजिनाचं नाव खराब करू नगा. मीच सांगतो त्याला.”

दुपारी सुनील आला. तात्यांनी अंगणातच, त्याला पाणीसुद्धा न पिऊ देता, सगळं सांगून टाकलं. दोनच वाक्यांत. मग सुनील ओरडला, आणि तो दोन वाक्यांत थांबला नाही. पुलावरचं पडणं, कोपर, आईनं त्या रात्री न खाल्लेलं जेवण, सगळं निघालं. शेवटी तो माझ्याकडे वळला. ते सोपं असतं.

“बगितलं ना? काढा इंजिन.”

“आधी एक दाखवते,” मी म्हणाले.

तेल खुणेपर्यंत भरलं, बाटली रिकामी केली. इंजिन चालू ठेवून सायकल अंगणात उभी केली. आम्ही चहा घेतला. बाटली कोरडी. मग इंजिन बंद करून सायकल डाव्या कुशीवर निजवली आणि दुसरा चहा घेतला. उभी करून चालू केली. बाटलीत बदाबदा तेल आलं.

सुनील बाटलीकडे बघत होता. “म्हंजी इंजिनात कायच न्हाय?”

“काहीच नाही. तुम्ही नको म्हणता म्हणून तात्या ती लपवतात. लपवायला आडवी पाडतात. आडवी पडली की तेल येतं. तेल येतं म्हणून तुम्ही नको म्हणता.”

सुनीलनं बाटली बोटानं हलवून बघितली. आतून त्याची आई म्हणाली, “मग उभी करू द्या की त्यास्नी.”

मी बाटली रिमच्या वरून हलवून फ्रेमच्या पुढच्या नळीला बांधली. उद्या काही झालंच तर तेल जमिनीवर पडेल, ब्रेकवर नाही. खरं तर ती पहिल्यांदाच तिथे लावायला हवी होती. तेल कोणी घालायचं हेही ठरवून दिलं. फक्त सुनील. इंजिन काढलं नाही.

पुढे डाळिंबाचा हंगाम संपल्यावर मी त्या बाजूला दुसऱ्या कामासाठी गेले होते. बागेच्या तोंडाशी, रस्त्याच्या अगदी कडेला, एक शहाबादी फरशी पक्की बसवलेली दिसली. काळ्या मातीत सायकलचा स्टँड रुततो, म्हणून. त्या फरशीवर सायकल उभी होती, हँडल रस्त्याकडे करून. फरशी सुनीलनंच आणून बसवली होती. तो आता दुधाच्या फेरीवर जाताना तिथे गाडी हळू करतो. सायकल दिसली की तात्या पूल उतरून नीट पोचले, एवढं त्याला कळतं. मग तो पुढे जातो.

त्या दिवसापासून माझ्याकडे इंजिन आलं की मी किती चालवता, तेल कोणतं घालता, हे विचारतेच. पण त्याआधी विचारते, घरी गाडी उभी कुठे असते आणि कोणाला दिसते. लोकांना हा प्रश्न विचित्र वाटतो. उत्तर द्यायला मात्र ते बराच वेळ घेतात.