गुणवंतरावांची तहानलेली बाग

गुणवंत राऊळ परळच्या चाळीतून भाईंदर पूर्वेला राहायला आले ते एकोणनव्वद साली. तिसऱ्या मजल्यावर वन रूम किचन, घरातच संडास, खिडकीला ऐसपैस ग्रिल आणि बिल्डरने छातीवर हात ठेवून सांगितलेलं 'चोवीस तास पाणी'. बिल्डरने शब्द पाळला. चोवीस तास पाणी यायचं, फक्त ते अख्ख्या महिन्याचं मिळून. टँकर आला की सारी सोसायटी बादल्या घेऊन जिन्यावरून धावत सुटे. गुणवंतराव कधी धावले नाहीत. विमा कंपनीतल्या हेडक्लार्कला ते शोभलं नसतं. ते बायकोला, उर्मिलेला, पाठवत.

अशा गावात माणसाने बागेची हौस करावी का? गुणवंतरावांनी केली. बदली झालेल्या साहेबांनी जाताना टेबलावरचा एक कॅक्टस त्यांच्या हातात दिला. बाकीच्यांना त्यांनी पेनं दिली होती, पण गुणवंतरावांना तो आपला सन्मानच वाटला. मग ग्रिलमध्ये कुंड्यांची रांग लागली. सोनेरी काट्यांचा गोल्डन बॅरल आला, सशाच्या कानांसारखा चपटा एक आला, पांढऱ्या केसांचा 'म्हातारा' आला. हिरव्या खांबावर कलम केलेली लाल टोपी आली. "खालचा राबतो, वरचा नुसता बसून खातो," असं ते तिच्याबद्दल सांगत आणि आपल्या ऑफिसच्या आठवणीने खूश होत. सगळ्यांत लाडका होता एकिनॉप्सिस नावाचा गोळा. त्याचा उच्चार नीट जमेपर्यंत ते पाहुण्याला सोडत नसत.

"याला म्हणतात आदर्श रहिवासी," ते सांगत. "पाणी नको, कौतुक नको, तक्रार नाही. सोसायटीने यांच्याकडून शिकायला पाहिजे." हे भाषण चालू असताना उर्मिला बहुधा खालून बादली घेऊन वर येत असे.

त्या दिवसांत भाईंदरमध्ये कुणाकडे गेलं की पाणी मागायची सोय नव्हती. पाहुणा आपणहून म्हणे, "नको हो, आत्ताच प्यायलो." ते 'नको' खरं नसतं हे सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून घरातली बाई ते कानाआड करून तांब्या पुढे करी. ही रीत मोडणारा सबंध इमारतीत एकच महाभाग होता. "पाणी नको असेल ना?" असं विचारून, समोरच्याची मान हलायच्या आत गुणवंतराव त्याला ग्रिलपाशी नेऊन उभा करत.

खारी गावातल्या जाईबाई डोक्यावर मासळीची पाटी घेऊन तीन जिने चढून यायच्या. उंबऱ्यावर टेकल्या की धापा टाकत म्हणायच्या, "पानी नको रं भाऊ." उर्मिला तरीही उठू लागली की गुणवंतराव तिला थांबवत. "अगं, त्या नको म्हणतायत ना!"

त्र्याण्णवच्या मे महिन्यात एकिनॉप्सिसच्या बगलेत लोकरीसारखा एक ठिपका दिसला. कळी! इतकी वर्षं ज्या फुलाची वाट पाहिली ते आता येणार होतं, आणि नेमकं त्याच आठवड्यात पुतण्याचं लग्न गावी, कणकवलीला. मुलगा जन्मला तेव्हाही गुणवंतराव इतके कासावीस झाले नव्हते. शेवटी किल्ली जाईबाईंकडे दिली. "सकाळी खिडकी उघडायची, कबुतरं हाकलायची. पाणी मात्र घालायचं नाही. थेंबभरसुद्धा नको."

जाईबाईंनी त्यांच्याकडे कणव आल्यासारखं पाहिलं आणि मान डोलावली.

दहा दिवसांनी गुणवंतरावांनी दार उघडलं तर लादी ओली होती आणि घरभर कुजका वास सुटला होता. सशाचे कान लोंबत होते, म्हातारा आडवा झाला होता, लाल टोपी गळून पडली होती. एकिनॉप्सिसला बोट लावलं तर ते सरळ आत गेलं. कळी कुंडीतल्या चिखलात पडली होती. गुणवंतराव खुर्चीत बसले आणि लहान मुलासारखे रडले. उर्मिलेने हातातल्या पिशव्या खाली ठेवल्या. तिच्यासाठी हा माणूस कधी रडला नव्हता, हे तिच्या मनात आल्यावाचून राहिलं नाही.

एवढ्यात कमरेवर कळशी घेऊन जाईबाई दारात आल्या. "आलास, भाऊ? रोज दोन येळा घातलं बघ. हिर तळाला गेलीय, खरवडून खरवडून आनलं. घरच्या पोरांना आंघोळ न्हाय दिली, पन तुझ्या झाडांना कमी केलं न्हाय."

"मी नको म्हटलं होतं ना, जाईबाई!" गुणवंतराव ओरडले.

"नको म्हनायची रीतच हाय," जाईबाई हसून म्हणाल्या. "पान्याला कोन तोंड उघडून हो म्हनतं? मी पन तुझ्या दारात नकोच म्हनते की."

त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर गुणवंतरावांना भांडता आलं असतं. ही बाई इतकी वर्षं पाटी घेऊन तीन जिने चढत होती आणि दर खेपेला आपल्या दारातून तहानलेली परत जात होती, हे त्यांना आत्ता कळलं. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

ते उठून स्वयंपाकघरात गेले. पेले कुठे असतात हे त्यांना माहीत नव्हतं. उर्मिलेने बोटाने दाखवलं. पिंपात पाण्याचा टिपूस नव्हता, म्हणून त्यांनी जाईबाईंच्याच कळशीतून पेला काठोकाठ भरला आणि त्यांच्यापुढे धरला.

"नको रं भाऊ," जाईबाई सवयीने म्हणाल्या.

गुणवंतरावांनी हात मागे घेतला नाही. जाईबाईंनी पेला घेतला, एका दमात रिकामा केला आणि पुन्हा पुढे धरला.