मावशींचं वजन आणि बॅटरीचं

"मावशी, जरा खाली उतरता का? गाडी हलकी होऊ द्या," एवढंच मी म्हणालो. जॅक लावायच्या आधी माणसं उतरवायची, ही गॅरेजातली रीत. बावीस वर्षं हेच वाक्य बोलत आलोय. पण मागं उभे असलेले दिगंबरराव खुदकन हसले आणि मावशींनी माझ्याकडे असं पाहिलं की मी हातातला जॅक खाली ठेवला.

दिगंबरराव म्हणजे मावशींचे मोठे जावई. कळमनुरीहून आपल्या इलेक्ट्रिक कारनं सासूबाईंना नांदेडला नेत होते. धाकट्या लेकीच्या लेकराचं संध्याकाळी बारसं होतं. वाटेत गाडीच्या पुढून 'कट-कट' आवाज यायला लागला, म्हणून वारंगा फाट्यावर माझ्याकडे थांबले. आणि हे महाशय वाटभर एकच बोलत आले होते, ते मला काय माहीत? "एरवी गाडी गप असते. आज पुढच्या सीटवर लोड आहे."

"आता तुमी बी तेच म्हना," मावशी मला म्हणाल्या. "आवाज माझ्यापायी न्हाई हे दाखवून द्या. न्हाईतर ह्या गाडीत मी जल्मात बसत नसते."

चूक माझी, त्यामुळे आवाजाचं मूळ शोधून काढणं भाग होतं. मी दिगंबररावांना एकट्यानं गाडी स्पीडब्रेकरवरून हळू न्यायला सांगितलं. मावशी लिंबाखाली कान देऊन उभ्या.

कट.

"पुन्हा न्या, जावईबापू."

कट.

"मग रोज काहून ऐकू येत न्हाई?" दिगंबरराव खिडकीतून म्हणाले.

"रोज गाणी लावता?"

"लावतो की. फुल."

"अन् आज?"

ते सासूबाईंकडे बघत म्हणाले, "आज बंद आहेत."

आवाज जुनाच होता. डिझेलच्या जीपमध्ये इंजिनच एवढं बोंबलतं की खालचं काही कळत नाही. ही गाडी मुकी. फक्त गाणी बंद करणारं माणूस बसायला हवं होतं.

मग गाडी जॅकवर घेतली. चाकाला धरून ठेवणारा लोखंडी हात म्हणजे लोअर आर्म. त्याच्या टोकाला गोळीसारखा सांधा असतो, बॉल जॉइंट. आपल्या खांद्यासारखा, सगळीकडे फिरणारा. त्यावरचं रबर फाटलं होतं, ग्रीस संपलं होतं, आत धूळ. टॉमी, म्हणजे लोखंडी कांब, लावून चाक दाबलं तर खुळखुळ्यासारखं हललं.

"आन् वजनाचं म्हनाल," मी मावशींना ऐकू जाईल असं बोललो, "तर ह्या गाडीच्या पोटात बॅटरीच चार-पाच पोती हळदीएवढी. ती रोज बसलेली असते."

"नांदेडपर्यंत जाईल ना?" दिगंबररावांनी विचारलं.

"गाडी निघेल. चाक तुमच्यासंगं येईल का, ते न्हाई सांगता येत."

कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला फोन लावला. माझे हात काळे, म्हणून स्पीकरवर. तिकडचा सुपरवायझर म्हणाला, "पूर्ण लोअर आर्म बदलावा लागेल, दोन दिवस लागतील. बरं, पुढं ओव्हरलोड होता का?"

मी फोन बंद करायला धावलो, पण मावशी आधी पोचल्या. "व्हय, मी होते! अन् तुमच्या बॅटरीला कोन विचारतं, किती जेवली म्हनून?"

"पार्ट पाठवतो," म्हणत त्यानं फोन ठेवला.

शेवटी मावशी एसटीनंच गेल्या. जाताना मला म्हणाल्या, "गाडी बरी झाली की कळवा. परतीला तिच्यातच येनार, पुढच्याच सीटवर." त्यांना जागा मिळाली. दिगंबरराव दोन पिशव्या धरून नांदेडपर्यंत उभे.

तिसऱ्या दिवशी आर्म बसला, अलाइनमेंट केली, आवाज गेला. तेव्हापासून मी जॅक लावताना आधी ड्रायव्हरला उतरवतो आणि हलकं-जड काही बोलत नाही.

हे सगळं घरी रंगवून सांगितलं. बायको भाकरी थापता थापता थांबली.

"मग आपल्या मोटरसायकलचा शॉकअप गेला, तवा काहून माझंच नाव घेतलं?"