डाग नसलेलं मशीन

आई गेल्यावर तिचं शिलाई मशीन मी ऑनलाइन विकायला काढलं. फोटो चांगला यावा म्हणून घासूनपुसून लख्ख केलं. दर खंडेनवमीला आईने बोटाने लावलेलं, वर्षानुवर्षं थर धरलेलं हळदकुंकूही खरवडून काढलं आणि जाहिरातीत आवर्जून लिहिलं, ‘एकही डाग नाही.’

मशीन न्यायला आलेल्या बाईंनी चाकावरून हात फिरवला. “ताई, याची कधी पूजा नाही केली का हो?”

त्यांनी पर्समधून कुंकवाची डबी काढली, मशीनला बोट टेकवलं, नमस्कार केला आणि मग ते टेम्पोत चढवलं.

फोटो अजून माझ्या मोबाइलमध्ये आहे. त्यात मशीन अगदी नवं दिसतं, आईचा हात कधी लागलाच नसल्यासारखं.